गाडी कोण चालवत होतं

९ एप्रिल २०१८
नाय, मला चष्मा लागत नाय. समोरून गेलेली गाडी मला नीट दिसते. विवळवेढ्याच्या जत्रेला ताडगोळे घेऊन बसले होते. तिथेच ती पांढरी गाडी चिमणच्या अंगावर गेली. चालवत होता दिल्लीचा मोठा साहेब. स्वतः. हौस म्हणे. त्याचा ड्रायव्हर लडक्या, माझ्या बहिणीचा पोरगा, बाजूला बसलेला.
चिमण जागच्या जागी गेला. त्याची बायको जमना आमच्या शेजारीच राहते. अजून रडली नाय.

१० एप्रिल
पोलिसांत लडक्याचं नाव लिहिलं. त्यानेच सांगितलं – गाडी मी चालवत होतो. जत्रेतल्या बाकी कोणी काय बघितलं नाय म्हणे. एवढी गर्दी, सगळी आंधळी.

१४ एप्रिल
लडक्या आला. जेवला नाय.
"मावशी, तू पण काय बघितलं नाय."
"बघितलं."
"साहेब मला सोडवणार. नोकरी कायम करणार. त्यांच्या डोक्यावर देशाचं काम, त्यांना कोर्टात कसं ओढायचं?"
"आणि तुला ओढलं तर चालतं?"
हसला. "माझ्यामागे कसलं काम? बकऱ्या."
पोरगा वाईट नाय. घाबरलाय.

२ मे
पाड्यात बैठक. सगळ्यांचं एकच – मोठ्या माणसावर केस घातली तर कामं कोण करणार? थोडं खरं पण आहे. उद्या कोणीही उठून खोटी घालेल. पण आमच्यात पंचाच्याच घरची भानगड निघाली, तर पंच बाजेवरून उतरतो, खाली सगळ्यांत बसतो. निकाल लागला की परत वर. त्याने पाड्याचं काम कधी अडलं? बोलले तसं.
पंच बाबल्या म्हणाला, "बुधीबाय, दिल्लीत बाज नसते."
सगळे हसले. जमना नाय हसली.

३ मे
पोलिसांत खरा जबाब दिला. जमना सोबत होती. वर्षा वकीलबाई म्हणाली, साहेब खासदार असला तरी माफी नाय, केस होणार. बरं.

२० जून
साहेबाचं नाव लागलं. लडक्याचं काढलं. नोकरी पण गेली त्याची. माझ्या दारावरून जातो, मान वळवत नाय. बहीण पण बोलत नाय.

११ ऑगस्ट
साहेब राज्यपाल झाला. लांबच्या कुठल्या राज्याचा. वर्षाबाईचा फोन – राज्यपालावर केस चालत नाय, ती खुर्ची सुटेतोवर.
जमनाला सांगायला गेले. तांदूळ निवडत होती. "मग आता, काकी?"
खाली तिच्याजवळ बसले, तिच्या सुपातले खडे काढू लागले.