आनंदराव कमजोर नव्हते

चि. अंकुश,

नाकाडोंगरीहून श्यामरावमामाचा जय भीम. तुझी सर्दी गेली का? मामीचा गुडघा जागेवर आहे, म्हैस आटली आहे, आणि माझी छाती आठ दिवसांपासून नुसती फुगून राहिली आहे. (दुखत नाही. घाबरून निघू नको.) फोनवर तू नेहमी मीटिंगमध्येच असतोस, म्हणून हे पत्र.

तर, विहाराच्या अभ्यासिकेसाठी तू पुण्याहून जो नोंदणीचा फॉर्म करून दिला, त्याचं रुचितानं पार ऑपरेशन केलं. रुचिता म्हणजे आपल्या अंगणवाडीच्या वच्छलाची पोरगी, भंडाऱ्याला कॉम्प्युटर शिकते. रागावू नको, आधी ऐक.

तुझ्या फॉर्मात पासवर्डाचे अकरा नियम. एक मोठं अक्षर पाहिजे, एक लहान पाहिजे, आकडा पाहिजे, विशेष चिन्ह पाहिजे. आणि चूक एका वेळी एकच सांगायची! एक निस्तरली की दुसरी दारात उभी. मोठं अक्षर म्हणजे दुसरी वेलांटी, असं गुलाब गुरुजींनी ठणकावून सांगितल्यामुळे अर्ध्या गावानं एक अख्खा दिवस वेलांट्या देण्यात घालवला. विशेष चिन्हाच्या ठिकाणी मामीनं 'उजव्या गालावर तीळ' असं लिहिलं. (माहिती खरी आहे. मी चौतीस वर्षं पाहतो आहे.)

हेही खपून गेलं असतं, पण घोळ झाला मनकर्णाबाईपाशी. चिखल्याच्या खाणीतले आपले आनंदराव, त्यांची ही बायको. मी वर बसून हजेरी लावायचो, ते खाली उतरायचे. ते गेल्यावर ही बाई साठीत अक्षरं शिकली. आता अभ्यासिकेत सगळ्यांसोबत बसून पेपर वाचायचा, हा एकच हट्ट. जागा चाळीस, नोंदणी रविवारी बंद. तिनं पासवर्ड म्हणून नवऱ्याचं नाव टाकलं. फॉर्ममध्ये लाल अक्षरात आलं, 'कमजोर'. बाईनं एकेक अक्षर लावून वाचलं आणि उठलीच. "माह्या मालकाले कमजोर म्हणते? अठ्ठावीस वर्सं खाणीत उतरला तो!" नाव बदलायला ही तयार नाही, घ्यायला फॉर्म तयार नाही. मी म्हटलं, वहीत लिहून टाकतो. तर म्हणे, मले मागच्या दारानं नाही यायचं. असा शनिवार उजाडला.

शेवटी रुचिता बसली. मला वाटलं, आता आणखी काहीतरी लिहील. ती तर खोडायलाच लागली! अरे, पडदा भरून त्या नियमांच्या त्र्याऐंशी ओळी होत्या, आणि पोरगी तांदळातले खडे वेचावे तशा काढून राहिली. माझा जीव वरखाली. मी म्हटलं, पोरी, खाणीत टेकू काढला की छत खाली येते. म्हणाली, "आजोबा, हे टेकू नाहीत, पसारा आहे." उरल्या चार ओळी. चार! नियम एकच: पासवर्ड लांब पाहिजे, बारा अक्षरांच्या वर. भाषा कोणतीही, मधे जागा सोडली तरी चालते. आणि छत जागचं हललं नाही. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. चाळीस वर्षांत काम वाढवून ठेवणारे पुष्कळ पाहिले, काम काढून टाकून काम करणारं माणूस पहिल्यांदा पाहिलं. बापा रे बापा! अजून अंगावर काटा येते.

मग ती मनकर्णाबाईला म्हणाली, नाव तेच राहू दे आजी, पुढं त्यांच्याबद्दल आणखी थोडं सांग. बाई वीस मिनिटं एका बोटानं लिहीत बसली. (काय लिहिलं ते सांगत नाही, पासवर्ड आहे. मोठ्यानं बोलत लिहिल्यामुळे गावाला मात्र पाठ आहे.) हिरव्या अक्षरात आलं, 'मजबूत'. बाईनं पदर डोळ्याला लावला. माझंही नाक वाहायला लागलं. तुझी सर्दी इकडे आली असावी.

तुझा,
श्यामरावमामा

ता. क. समितीपुढं ते अकराही नियम मी तुझ्या नावावर खपवले आहेत. दर रविवारी फोन करून एकेक नियम मीच वाढवायला लावला होता, हे तुला आठवत असेल. विसरून जा.

ता. क. दुसरा. पत्राचं खरं कारण हे. माझा जुना, अकरा नियमांचा पासवर्ड मलाच आठवत नाही. अभ्यासिकेचा सचिव मी, आणि मीच बाहेर. रुचिताला न कळता काही जमते का पाहा.

ता. क. तिसरा. मनकर्णाबाईची जागा पहिली लागली. नोंदणी एकदाच करायची असते, आता तर बंदही झाली, तरी ती रोज सकाळी येऊन कोरा फॉर्म उघडते, पासवर्ड लिहिते आणि पुसते. मी विचारलं, काहून? तर म्हणे, "मजबूत म्हणते ना तो. वाचाले बरं वाटते."