डुगडुगणारी खुर्ची

प्रिय आई,

तुला आणि बाबांना नमस्कार. मी मजेत आहे, वेळेवर जेवतो. फोनवर माझा आवाज बसलेला वाटला तो सर्दीने नव्हे, राग गिळल्यामुळे.

मोठ्या हॉटेलसाठी मी नमुन्याची खुर्ची बनवत होतो ना? ती पसंत पडली असती तर त्या सगळ्या कामाचा मुख्य सुतार मीच होणार होतो. हॉटेलचे साहेब यायच्या आधी मी कपडे बदलायला गेलो. तेवढ्यात आमच्या पॉलिशवाल्याला खुर्ची डुगडुगताना दिसली आणि गडी मदतीला धावला. त्याने एक पाय जरासा कापला, मग दुसरा, मग पुन्हा पहिला. मी आलो तोवर खुर्चीचा पाट झाला होता आणि तरी ती डुगडुगतच होती. कारण वाकडी होती ती खालची फरशी!

साहेब बसले, पण त्यांना उठवायला दोघं लागले. काम दुसऱ्या कारखान्याला गेलं.

मी पॉलिशवाल्याला फाडून खाणार होतो. पण तो करवत हातात धरून म्हणाला, "अरे, जमतच आलं होतं!" मिक्सर उघडून बसल्यावर बाबांचा चेहरा होतो ना, अगदी तसा चेहरा. मग राग गिळला आणि चहा पाजला त्याला. पण त्या कामाचे पैसे बुडाले, त्यामुळे माझं घरी येणं जरा लांबेल.

तुझे गुडघे कसे आहेत? खुर्ची तुलाच पाठवतोय. भाजी निवडताना जमिनीवर बसण्यापेक्षा बरी. डुगडुगली तर खाली कागदाची घडी घाल.

आणि खुर्ची पोचायच्या आत बाबांची करवत लपवून ठेव.

तुझा,
धाकटा