आटवलेलं दूध

कुंभकोणम्

नागलक्ष्मीअक्का,

नमस्कार लिहायला हात वळत नाही.

शशांकच्या बारशाला तुम्ही पाहुण्यांसमोर म्हणालात, "हिच्या रक्तात कावीळ आहे, पोराला अंगावर पाजू देऊ नका," आणि माझ्या मांडीवरून त्याला उचलून नेलंत. माझा पाणी प्यायचा टंबलरही वेगळा ठेवलात. डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं, की रक्तात हिपॅटायटिस बी आहे. तो रक्तातून, शरीरसंबंधातून, बाळंतपणात पसरतो, ताटावाटीतून नाही. बाळाला जन्मल्याबरोबर लस आणि तयार प्रतिपिंडं अशी दोन्ही इंजेक्शनं दिली आहेत, खुशाल पाजा. तुम्ही म्हणालात, "डॉक्टरांचं काय जातं?" तुमचे बंधू, माझे यजमान, दुधाची बाटली घेऊन आले. बाळ बाटलीवर वाढलं आणि माझं दूध आटलं.

आता वर्षाचा झाल्यावर त्याचं रक्त तपासलं. विषाणू नाही, लशीचं संरक्षण तयार झालंय. ह्यांनी रडतच तुम्हाला फोन केला. तुम्ही म्हणालात, "बघ, मी वेळीच दूध तोडलं म्हणून वाचला." आणि हे "हो अक्का" म्हणाले!

शुक्रवारी त्याला बघायला येणार म्हणता. हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. या. दारातच उभं करून सगळं तोंडावर सांगेन, आणि बाळ माझ्या कडेवरच राहील.

शशांकची आई,
कीर्ति