पेवाच्या तोंडाशी धरलेलं यंत्र

तीर्थरूप सोनूआत्यांना बेबीनंदाचा दंडवत.

इकडे सगळे खुशाल आहेत, निदान हे लिहीपर्यंत तरी. तुमचा गुडघा कसा आहे? (जीपमध्ये चढता येतं ना?)

मी औरंगाबादहून प्रयोगशाळेतलं यंत्र घेऊन आले आहे. त्यात कार्बनच्या नळ्या आहेत, केसाहून हजारो पटींनी बारीक. हवेतला वायू त्यांना चिकटला की वीज कमी-जास्त वाहते आणि काटा चढतो. विज्ञान गावापर्यंत गेलं पाहिजे असं माझं ठाम मत आहे, म्हणून मी ते आधी गोठ्यात नेलं. बैलांच्या मुताच्या वासानं काटा पार शेवटाला गेला. मी कौतुकानं सगळ्यांना बोलावून दाखवलं. (तिथंच चुकलं.) चिकटलेला वायू या नळ्या लवकर सोडत नाहीत, त्यांना बल्बची ऊब द्यावी लागते, आणि लाईट सकाळपासून नव्हती.

दुपारी बाबांनी अंगणातलं जमिनीखालचं ज्वारीचं पेव उघडलं. दोन वर्षं बंद होतं. आतली ज्वारी चांगली हवा खाऊन टाकते आणि उतरलेला माणूस हाक न मारताच खाली बसतो, हे तुम्हाला सांगायला नको (शेजारच्या सगुणाबाईंचे दीर असेच गेले). पण जांबच्या उत्सवाला बाबांनी दोन पोती ज्वारी द्यायची बोलली आहे आणि उद्या सकाळी ती न्यायला माणसं येणार. मी यंत्र पेवाच्या तोंडाशी धरलं. काटा शेवटालाच. उतरू नका असं मी म्हटलं, तर बाबा शांतपणे म्हणाले, "गोठ्यात बी ह्येनं हेच दाखिवलं, माय. बैल तर रवंथ करून राह्यले."

सगळे हसले. आईसुद्धा. मी खरं तेच सांगत होते, पण पुरावा म्हणून हातात अडकलेला काटा. मग दोरीनं कंदील सोडला. पुरुषभर खाली जाताच विझला. बाबा म्हणाले, वात खराब आहे. पुन्हा विझला तेव्हा म्हणाले, राकेल भेसळीचं आहे. पाय त्यांनी आत सोडलेच होते. मी त्यांचं धोतर धरून बसले, ते सोडवता सोडवता दिवस मावळला. पेव रात्रभर उघडं ठेवा म्हटलं, तर मांजर पडेल म्हणून आईनं तोंडावर फरशी सरकवली. आता बाबा सकाळी उतरणार आहेत.

फोन बंद आहे, म्हणून हे पत्र जीपवाल्या त्रिंबककाकांच्या हाती देते.

तुमची,
बेबीनंदा

ता. क. बाबांचं एकच पालुपद, "पहिलं टोपलं घरातल्या थोरल्यानं काढायचं. मी न्हाई तर कोन?" आत्या, थोरल्या तुम्ही आहात. तीर्थपुरीहून पहिल्या जीपनं या, पेवाच्या काठावर बसा आणि म्हणा की मान माझा. बाबा तुम्हाला उतरू देणार नाहीत, तुम्ही बाबांना. तेवढ्यात मी लिंबाची फांदी दोरीनं वरखाली करून आत हवा खेळवते.

ता. क. २. तुम्ही दोघं तीन वर्षं बोलत नाही, हे मला माहीत आहे. म्हणूनच भांडण खरं वाटेल. पण तुम्हाला दारात बघून बाबा रडतील, पायही धरतील. आत सोडलेला कंदील न विझता जळायला लागेपर्यंत त्यांना माफ करू नका.