सात पाट्या, एकही गुंता नाही

११ नोव्हेंबर, मंगळवार

ऑरिन अजून सापडलेला नाही. आज तिसरा दिवस.

वही उघडली ती सवयीने. डाव्या पानावर शनिवारची नोंद — वारा नैऋत्येचा, पाणी ४७ अंश फॅरनहाइट, वेग दीड मैल, जांभळे नकली मासे, दोरी एकशे वीस फूट. खाली त्याचं वेडंवाकडं अक्षर: 'आज मोठा मासा येणार. लाईल, पैज!' उजवं पान कोरं आहे. मासेमारीची वही आहे ही, पण दुसरं कुठे लिहू?

दुपारी जोनकडे गेलो. माझी धाकटी बहीण, आणि आता त्याची विधवा — हा शब्द लिहवत नाही. शेजारपाजाऱ्यांनी आणून ठेवलेली कोबी-नूडल्सची तीन भांडी ओट्यावर तशीच होती.

"लाईल, पुन्हा एकदा सांग."

सांगितलं. मी मासा ओढत होतो, तो दोरीवरची पाटी काढायला वाकला, लाट आली, पडला. मी लगेच बोट वळवली. पोचलो तोवर पाण्यावर काही नव्हतं.

"ओरडला नाही?"

"नाही."

"काहीच बोलला नाही?"

"एक शब्द नाही गं."

तिने मान हलवली आणि ओट्याला धरून हळूहळू खाली फरशीवर बसली.

खोटं बोललो.

१२ नोव्हेंबर, बुधवार

झोप नाही. एकदाच लिहून टाकतो, मग पुन्हा नाही.

आम्ही गळाच्या आठ काठ्या लावतो. चार या बाजूला, चार त्या. प्रत्येक दोरीवर एक वीतभर पाटी चिमट्याने अडकवलेली असते. बोट चालली की ती पाण्याचा जोर घेऊन दोरीला बाजूला, लांब ओढून नेते आणि मागे खोल पाण्यात नकली मासा थरथरत येतो. आठ दोऱ्या अशा पसरल्या की बोट दीडशे फूट रुंद होते म्हणा ना! अशी बोट झटकन वळवायची नसते. वळवलीत, तर आतल्या बाजूच्या पाट्या जागीच थांबतात, दोऱ्या एकमेकींत घुसतात, आणि उरलेला दिवस त्यांची वेणी सोडवण्यात जातो. म्हणून मोठं वळण घ्यायचं, सावकाश. सरोवराकाठच्या आमच्या व्हर्मिलियन गावच्या धक्क्यावर शेंबड्या पोरालाही हे माहीत असतं. मला ऑरिनने शिकवलं, एकतीस वर्षांपूर्वी, शिव्या घालून.

तो पडला आणि लगेच वर आला. हातात पाटी! हसत होता.

"पाटी सोडली नाही बघ, गाढवा!"

मीही हसलो. "शनिवारची आंघोळ का रे?" असं म्हणालो. हे मी म्हणालो.

बोट पुढे चालतच होती. तो मागे पडत चालला. मग ओरडला, "मोठं वळण घे! दोऱ्यांचा सत्यानाश केलास तर याद राख!"

आणि मी मोठं वळण घेतलं.

चाकू कमरेला होता. सात दोऱ्या कापायला किती वेळ लागतो? मासे धरताना लहान इंजिनावर चालतो; मोठं इंजिन बंद होतं, किल्ली फिरवायची होती फक्त. सुचलंच नाही. भीती वाटली नाही म्हणून सुचलं नाही! तो हसत होता, मी हसत होतो, घरी जाऊन जोनला काय काय तिखटमीठ लावून सांगायचं ते मी मनात जुळवत होतो. अर्ध्या वळणात त्याचा आवाज थांबला. वाटलं, दम लागला असेल. जाड कपडे, बूट. अंगात जाकीट नव्हतं, खुंटीवर होतं. तीस यार्डांवर त्याची टोपी दिसली. वीसवर नुसतीच टोपी.

जीपीएस यंत्रावर बोटीच्या वाटेची रेघ उमटलेली आहे. छान गोल. चार मिनिटं चाळीस सेकंद.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

धक्क्यावर म्हातारा कुबिचेक आला. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, या पाण्यावरचा सगळ्यात जुना. न विचारता बोटीवर चढला, थर्मास ठेवला, खोक्यात डोकावला.

"पाट्या सात."

"आठवी गेली."

त्याने एक काठी उचलली. रिळावरची दोरी दोन हात ओढून पाहिली. मग दुसरी. मग तिसरी.

"एकही गुंता नाही."

"नंतर गुंडाळल्या. मदतीची बोट येईपर्यंत."

"हं. त्या वाऱ्यात, एकट्याने."

कॉफी ओतून माझ्या हातात दिली. खाली उतरताना पाठमोराच म्हणाला, "छानच वळलास म्हणायचं, लेका."

त्याला कळलं आहे. कोणालाही कळेल. ज्याने झटकन बोट फिरवली त्याच्या बोटीवर दोऱ्यांचं घरटं झालेलं असतं. ज्याने कापल्या त्याच्याकडे पाट्याच नसतात. माझ्याकडे दुकानात मांडून ठेवाव्यात तशा सात.

१६ नोव्हेंबर, रविवार

वारा उत्तरेचा. लाटा सहा फूट. शोध थांबवला.

१७ नोव्हेंबर, सोमवार

जोनचा फोन.

"त्याचं जाकीट खुंटीवर का होतं?"

"उकडत होतं त्याला."

"नोव्हेंबरात?"

"मासे ओढून घाम येतो गं. दोन मोठे काढले होते त्याने."

"म्हणजे त्याने स्वतःच काढून ठेवलं."

"हो."

मग म्हणाली, "आणि तू त्याला सांगितलं नाहीस, घाल म्हणून?"

नव्हतं सांगितलं. तेही माझ्याच खात्यात.

कुबिचेक बोलला असणार तिच्याशी. नाहीतर ती असं तुकड्यातुकड्याने का विचारेल? खोदत चालली आहे. लहानपणीही अशीच होती, मी बरणीतली बिस्किटं खाल्ली की तासभर काही बोलायची नाही, मग एकदम एकच प्रश्न विचारायची.

१९ नोव्हेंबर, बुधवार

एकटा गेलो त्या जागी. काठ्या नेल्या नाहीत. खुणेसाठी तरंगता डबा टाकला, पुढे गेलो, घड्याळ लावलं, मोठं इंजिन सुरू करून गर्रकन वळून डब्यापाशी आलो.

अडतीस सेकंद.

२२ नोव्हेंबर, शनिवार

सापडला. शेजारच्या लोरेन गावाच्या बाजूला, बदकांच्या शिकारीला गेलेल्या दोघांना. ओळख मी पटवली. जोनला येऊ दिलं नाही.

तिला म्हणालो, "शांत दिसत होता." हे दुसरं खोटं. आता मोजणं सोडलं.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

पोचवला. बर्फाचा भुगा पडत होता, कबरीपाशी सगळ्यांचे खांदे पांढरे. नंतर चर्चच्या तळघरात जेवण — हॅम, बटाटे, आणि कोणीतरी, देव त्याचं भलं करो, तळलेला वॉलआय मासा आणला होता. ऑरिनला आवडायचा म्हणून!

एकेक जण येऊन पाठीवर थाप मारून जात होता. "तू लगेच वळलास. याहून काय करणार माणूस?" पाद्रीबाबाही तेच म्हणाले. मी मान हलवत राहिलो. चाळीस माणसांनी मला चाळीसदा माफ केलं, जे मी केलंच नव्हतं त्याच्याबद्दल. कुबिचेक कोपऱ्यात बसून केकचा तुकडा खात होता. त्याने एकदाही वर बघितलं नाही.

निघताना कोटांच्या खुंट्यांपाशी जोनने मला गाठलं. रडलेली नव्हती. सगळे म्हणत होते किती धीराची आहे. मला ती खंगलेली दिसली, गालफडं बसलेली.

"पडला तेव्हा तुझ्याकडे बघत होता?"

"जोन, आत्ता नको."

"एवढंच सांग. तोंड कुठे होतं त्याचं?"

मला तो दिसत होता. हातात पाटी, दात दिसतायत. म्हणालो, "पाठ होती. मला तोंड दिसलंच नाही."

तिचा चेहरा असा पांढराफटक पडला की मी तिला धरायला हात पुढे केला. तिने हात झिडकारला.

ती मला ओळखते. मी खोटं बोललो की तिला कळतं.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

थँक्सगिव्हिंग. जोनकडे गेलो नाही. दारात तिने टर्कीचं ताट ठेवलेलं सापडलं, वर फॉइल. बेल वाजवली नाही. मी डब्यातलं सूप प्यायलो आणि ताट तसंच ठेवलं. ते खायची माझी लायकी नाही.

१ डिसेंबर, सोमवार

कुबिचेक घरी आला. बूट न काढता दारातच उभा राहिला.

"तुझी बहीण आली होती माझ्याकडे."

माझी पाचावर धारण बसली. "काय म्हणाली?"

"विचारत होती, बुडणारा माणूस ओरडत नाही का म्हणून."

"मग?"

"गार पाण्यात पडलेला माणूस ओरडतोच, लाईल. पहिलं मिनिट तरी. तुलाही माहीत आहे, मलाही. मी म्हटलं, बाई, मी तिथे नव्हतो, लाईलला विचार." टोपी हातात फिरवत राहिला. "त्र्याऐंशी साली मीही असंच एकदा मोठं वळण घेतलं होतं. माझा पाण्यात पडलेला माणूस वाचला. नशीब, दुसरं काही नाही. त्याने वर येऊन माझं थोबाड फोडलं."

"मी तिला काय सांगू?"

"मला काय विचारतोस? पण ती जेवत नाहीये, एवढं सांगतो. हातात कप धरवत नव्हता तिला. तू सांग, नाहीतर मी सांगेन, आणि माझ्या तोंडून बरं दिसणार नाही."

गेला. फरशीवर त्याच्या बुटांचा चिखल अजून आहे.

२ डिसेंबर, मंगळवार

सांगितलं तर बहीण गेली. नाही सांगितलं तरी गेलीच आहे. तिला कळेल की माझ्या दोऱ्या वाचवायला मी तिचा नवरा घालवला. त्याने सांगितलं म्हणून वळलो, हे म्हणायचं? मेलेल्याच्या गळ्यात बांधायचं? छे! तो गंमत करत होता. कुठली गंमत ऐकायची आणि कुठली नाही, हे एकसष्टाव्या वर्षी कळू नये?

बोट विकावी. फ्लोरिडाला जावं. तिथे कोणी ओळखत नाही. पण मी तर असेनच तिथे.

४ डिसेंबर, गुरुवार

तिच्या घरापर्यंत तीनदा गाडी नेली, तीनदा परत आणली. तिसऱ्या वेळी ती खिडकीत होती. मला बघितलं तिने. हात केला नाही.

६ डिसेंबर, शनिवार

दुपारी जातो. महिना होत आला. घराबाहेर काढेल, काढू दे. पोलिसांना सांगायचं तर सांगू दे. काहीही झालं तरी हे आता एकट्याने वाहवत नाही. दाढी केली, दोन ठिकाणी कापलं.

७ डिसेंबर, रविवार

काल सांगितलं. पाटी, हसणं, मोठं वळण, चाकू, अडतीस सेकंद. मान खाली घालून, टेबलक्लॉथच्या चौकटींकडे बघत.

जोनने मध्येच माझं मनगट धरलं. "थांब. हसत होता?"

"हो."

"तुझ्याकडे बघून?"

"हो. शिव्या घालत होता मला."

ती टेबलावर डोकं ठेवून रडायला लागली. महिनाभराचं सगळं. मग म्हणाली, "मला वाटलं, तो आपणहून पाण्यात गेला. जाकीट काढून ठेवून, पाठ फिरवून, एक शब्द न बोलता. गेल्या हिवाळ्यात एकदा तसं बोलला होता तो, लाईल. तुला सांगू नको म्हणाला होता. मी रोज सकाळी उठून हेच शोधत होते, की माझ्याकडून काय बघायचं राहिलं."

मी मान वर करून पहिल्यांदा तिच्याकडे बघितलं.

"तुला माफ करता येईल का, मला माहीत नाही," ती म्हणाली. "ते नंतर बघू. आत्ता परत सांग. तो वर आला तिथपासून."

पाच वेळा सांगितलं.