ओट्याएवढं टेबल

बाबा, गिटारी दुरुस्त करायला मी एक टेबल करून घेतलं, आणि तुमच्या चेल्यानं ते स्वयंपाकाच्या ओट्याएवढं करून आणलं. तुमच्याच हाताखाली शिकलेला तो, तुमच्यासारखीच कानावर पेन्सिल खोचणारा. मी त्याला कागदावर काढून दिलं होतं. समोर उभी राहून कोपर दाखवलं होतं, की उंची इथपर्यंत पाहिजे. गिटार आडवी ठेवली की मानेवरच्या त्या बारीक धातूच्या पट्ट्या डोळ्यांजवळ यायला हव्यात. वाकून एखादा दिवस निभतं, रोज नाही निभत. मानेखाली मऊ ठोकळा, वर गालिचा, खाली तारा ठेवायला खण, हे सगळं त्यानं झकास केलं. खण नुसत्या बोटानं सरकतो. उंची तेवढी स्वतःच्या अकलेनं! विचारलं तर म्हणतो, "ताय, बाईमानसाचं टेबल हाय, आनखी उंच कशाला? सगल्या घरांत ओट्याला ह्योच माप देतो. एक बाय बोलली नाय आजपातूर." बोलली नाय म्हणे. बोलेल कशी? तिचं कोपर कुठवर येतं हे तुम्ही लोकांनी कधी विचारलंत का?

त्याच्यावर ओरडून झालं, पण राग काही उतरला नाही. मग कळलं, तो त्याच्यावरचा नव्हताच. आपली पोलादपूरची पडवी आठवते मला. तुम्ही जमिनीवर बसलेले, एक पाय लांब, दुसऱ्या पायाखाली फळी दाबलेली, अंगठा तिच्या कडेला रुतवलेला. "सुताराचं टेबल म्हंजे त्याचा पाय," असं येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचात. आंबेनळी घाटाकडे जाणारी गाडी दारावरून गेली तरी मान वर करायचा नाहीत. मी बाजूला बसून आईच्या चुलीसाठी ढलप्या गोळा करायची आणि तुमच्या पायाकडे बघत राहायची. एका दुपारी तुम्ही चहाला गेलात. मी तुमच्या जागेवर बसले, पायाखाली फळी घेतली, रंधा ओढला. पहिल्यांदा अडकला, दुसऱ्यांदाही अडकला, आणि मग लांबच्या लांब ढलपी निघाली, कांद्याच्या सालीएवढी पातळ. तेवढ्यात तुम्ही दारात. "पोरीच्या जातीनं आसं पाय फाकून बसतात? रस्त्यावरनं मानसं जातात, लाज हाय का नाय? ऊठ गो!" रंधा हातातून हिसकावलात.

ओरडलात त्याचं मला काही नाही, बापच ओरडतो. पण बाबा, त्या फळीवरून तुम्ही हातसुद्धा फिरवला नाहीत. गावातल्या कुठल्याही बावळटानं तासलेल्या फळीवरून हात फिरवून "हं, जमतंय" म्हणणारे तुम्ही! माझी फळी उचलून भिंतीला उभी केलीत आणि माझ्या जागी दादाला बसवलंत, ज्याला रंधा बघितला की झोप यायची. तो आता मुंबईत गाडी चालवतो, सुखी आहे बिचारा. आई म्हणाली, "जाऊ दे गो, त्यांचा सोभावच तसा हाय." स्वभाव! बायकांनी पदरात घ्यायचं आणि पुरुषांनी मिरवायचं, त्याला म्हणायचं स्वभाव.

पुढं मुंबईत गिटारींच्या दुकानात कामाला लागले, तेव्हा मला सगळ्यात नवल कशाचं वाटलं असेल, सांगू? तिथं माणसं उभ्यानं काम करत होती. असं बसू नकोस हे सांगायला कुणाला जागाच नव्हती. ते शिकून मी महाडला परत आले, बाजारात खोली घेतली. आपल्या पावसाळ्यात गिटारीच्या माना वाकतात, तारा वर उचलतात, त्यामुळे कामाला तोटा नाही. मार्चमध्ये सत्याग्रहाच्या दिवशी चवदार तळ्यावर गाणारी मंडळी आधीच दुकानात येऊन बसतात. त्यातले एक गुरुजी आपली जुनी गिटार ठेवून गेले. ती त्या ओट्यावर, हो, ओट्यावरच, घेऊन मी वाकले. कमरेत कळ आली, हात हलला आणि कानशीनं त्यांच्या गिटारीच्या मानेवर ओरखडा ओढला. गुरुजी बघून म्हणाले, "राहू द्या हो ताई, वाजते ना, मग झालं. फक्त तळ्यावर दगा द्यायला नको." त्यांनी रागावायला हवं होतं. मला रडू आलं ते ओरखड्याचं नव्हे, संतापाचं.

त्याच दिवशी टेबल उलटं केलं आणि चारही पाय ठोकून काढले. पोलादपूरला जाऊन माळ्यावरचं तुमचं सागवान उतरवलं. "पोरीच्या पलंगाला" म्हणून राखलेलं ते. पोरीनं लग्न केलं नाही आणि तुम्ही ते कुणाला चौकटीलाही दिलं नाहीत. मी त्यातून टेबलाचे नवे पाय कापले, कोपराच्या मापानं. पण ते तासायचे कशावर? टेबल तर लंगडं होऊन पडलेलं. मग बसले जमिनीवर, एक पाय लांब, दुसऱ्याखाली लाकूड. अंगठा आपोआप कडेला रुतला. कुणी शिकवलं होतं त्याला? तुम्ही तर नाही. मी चोरून घेतलंय ते, ढलप्या वेचता वेचता, आणि त्याबद्दल तुमचे उपकार मी मानणार नाही.

टेबल आता उभं आहे. गुरुजींची गिटार त्यावर आडवी आहे, ओरखडा घासून घालवलाय, तळ्याच्या आधी नक्की देईन. परवा तुमचा चेला आला, वाकला आणि टेबलाच्या पायांवरून हात फिरवला. वरून खाली, पुन्हा वर. "कोनी तासलं?"

"मी."

"खाली बसून?"

"मग काय उडून?" म्हटलं. लई बरं वाटलं.

हे कागद कुठं धाडायचे नाहीतच, तारांच्या खणात टाकून देईन. फक्त एक गोष्ट त्याला सांगितली नाही, ती तुम्हाला सांगते. खोली माझी, भाडं माझं, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झालेली. तरी त्या दिवशी लाकूड पायाखाली घेण्याआधी मी उठले आणि दाराला आतून कडी लावली.