डोंगरावरची बॅटरी

१६ एप्रिल २००६
लागलं एकदाचं! सुरगाण्याहून नऊ किलोमीटर, मधल्या डोंगरावरच्या खोक्यातून लहरींची उडी मारून, पाड्यावरच्या आरोग्य उपकेंद्रात इंटरनेट. नर्स ज्योत्स्नाने एका पोराच्या अंगावरच्या पुरळाचा फोटो तालुक्याच्या डॉक्टरांना पाठवला, दहा मिनिटांत औषधाचं नाव आलं. अँटेना मी घरीच केली — ॲल्युमिनियमची परात आणि पत्र्याचा डबा. ओझरच्या कारखान्यात जन्मभर पत्रे ठोकले, कॉलेजचं तोंड पाहिलं नाही. पण परात काही डिग्री विचारत नाही.
हे काम करवणाऱ्या संस्थेचा मनोज म्हणतो, हे टिकलं तर आणखी बारा पाडे. त्यांची पाहणी मी करूनच ठेवलीय. डोंगरावरच्या खोक्याची बॅटरी तिथल्याच उतारावरचा पुंजा सांभाळणार, महिन्याच्या पगारावर. यंदा द्राक्षाच्या मजुरीला बायकोला घेऊन खाली जायला नको, म्हणून हरखलाय.

२ जुलै
दोन आठवडे बंद. ज्योत्स्नाचा फोन — "काका, बाळंतीण तशीच जीपमध्ये घातली. डॉक्टरांना विचारता आलं नाही." गुडघे कुरकुरतायत. तरी डोंगर चढणार.

५ जुलै
शी! बॅटरीला दुसरी वायर. सरळ उतारावरच्या पुंजाच्या झोपडीत. "बाबा, येकच दिवा हाय. बाळ लय लहान हाय." कुंपणानेच शेत खाल्लं. याला मी माझ्या डब्यातली भाकरी दिली होती! मनोजला कळवलं, पुंजाला काढलं, रिपोर्टात 'चोरी' लिहिलं.

१८ जुलै
नवी बॅटरी. वायर नाही. तरी बंद.

२३ जुलै
डोंगरावर दुर्बीण लावली. उपकेंद्र दिसेचना. मध्ये नुसता साग — सुपाएवढी ओली पानं. एप्रिलात त्यावर एक पान नव्हतं, आरपार दिसत होतं, आणि मी शहाणा 'मार्ग मोकळा' लिहून बसलो. ओल्या पानांत लहरी मुरतात, हे पुस्तकात वाचलेलं होतं. एक दिवा किती थोडी वीज खातो तेही ठाऊक होतं. पण मला चोर हवा होता. थुंकायचं तर स्वतःवरच.

२४ जुलै
मनोज फोनवर — "काका, पैसे देणाऱ्यांकडे रिपोर्ट गेलाय. चोरीच राहू द्या. पानांचं कळलं तर बारा पाडे अडकतील."
बाराही पाहण्या त्याच उन्हाळ्यातल्या, सगळीकडे साग. म्हणालो, "म्हणजे पावसाळाभर बंद पडणारी बारा खोकी बसवायची?"
"आधी मंजूर तर होऊ द्या. मग बघू."
पोरासारखा मानला होता. झाकली मूठ म्हणे! आत काय कुजलंय, ते मूठ मिटणाऱ्याला कळतंच की.

१९ ऑगस्ट
पैसे देणाऱ्यांना पत्र मीच धाडलं होतं — पुंजाने काही बिघडवलं नाही, चूक माझी, खाली सही. आज उत्तर आलं. पुंजावरचा आरोप मागे. योजनाही मागे.
त्याला परत ठेवायला कामच उरलं नाही.